ग्रेग ईगन: कोडही लिहितो आणि विज्ञानकथाही, याचं करिअर नेमकं घडलं कसं?

टेकडीवरची

मंडळी, एक विचारायचं होतं. मी बाणेरला एका कंपनीत बॅकएंडचं काम करते आणि संध्याकाळी जमेल तसं विज्ञानकथा लिहिते, दिवाळी अंकांत थोड्याफार आल्यात. ओळखीचे सगळे म्हणतात दोन्हीपैकी काहीतरी एक धर. आता एकच धरायचं तर नोकरीच धरावी लागणार हे उघड आहे, त्यामुळे त्या बोलण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही, पण मनात ते राहतंच.

तर हल्लीच ग्रेग ईगनची 'परम्युटेशन सिटी' वाचली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पुस्तक १९९४ चं. त्यात माणसांच्या मेंदूचं स्कॅन करून बनवलेल्या प्रती कॉम्प्युटरवर चालतात, आणि त्यांना चालायचं तर कम्प्युटिंग पॉवर बाजारातून विकत घ्यावी लागते. जगभरात भाव वरखाली होत असतो, पैसेवाली प्रत असेल तरी ती खऱ्या जगापेक्षा १७ पट हळू चालते, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची प्रत इतकी हळू की तिचा एक श्वास होईपर्यंत बाहेर किती वेळ गेला कोण जाणे. मी रोज ऑफिसात क्लाउडचं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरचं, बिल बघते, मशीन स्वस्त मिळतंय का म्हणून रात्रीचे जॉब लावते. ॲमेझॉनने शिल्लक मशीन बाजारभावाने द्यायला सुरुवात केली २००९ मध्ये, आणि या माणसाने पंधरा वर्षं आधी नुसता बाजार नाही तर त्या बाजारात गरीब असणं म्हणजे काय हे लिहून ठेवलंय! ज्याने स्वतः मशीनसमोर बसून आउटपुटची वाट बघितलीय त्यालाच हे सुचेल असं मला ठाम वाटतं.

तो प्रोग्रॅमर होता एवढं पुस्तकाच्या मागे वाचलं. मला जाणून घ्यायचंय की त्याने नोकरी किती काळ केली, सोडली तेव्हा काय परिस्थिती होती, आणि मुख्य म्हणजे प्रोग्रॅमिंग त्याच्यासाठी फक्त पोटापाण्याचं होतं की लिखाणातच मुरलेलं आहे? त्याच्या वेबसाइटवर म्हणे बरेच प्रोग्रॅम पण आहेत. ज्यांनी त्याचं जास्त वाचलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

प्र.मे.

ताई, चांगला विषय काढलात. मी ईगन नव्वदीच्या शेवटापासून वाचतोय, तेव्हा पुस्तकं मिळायची मारामार होती, बाहेरून येणाऱ्या कोणाला तरी सांगून मागवायला लागायची.

माणूस पर्थचा, पश्चिम ऑस्ट्रेलिया, जन्म १९६१. तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून गणितात बीएस्सी. त्याला आधी सिनेमा करायचा होता, फिल्म स्कूलला जाऊन थोड्याच दिवसांत सोडून आला. पहिली कादंबरी १९८३ मध्ये मेलबर्नच्या एका छोट्या प्रकाशनाने काढली आणि तिचा फार गवगवा झाला नाही. दुसरी, 'क्वारंटाइन', आली १९९२ ला. म्हणजे मध्ये नऊ वर्षं! या काळात तो वैद्यकीय संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये प्रोग्रॅमर म्हणून काम करत होता आणि बाजूला कथा लिहीत होता, त्यातल्या बऱ्याच ब्रिटनच्या 'इंटरझोन' मासिकात आल्या. पूर्णवेळ लेखक झाला तो पुढे नव्वदीत, नाव झाल्यावर. 'परम्युटेशन सिटी'ला कॅम्पबेल मेमोरियल पुरस्कार १९९५ मध्ये, आणि 'ओशनिक' या दीर्घकथेला ह्यूगो १९९९ मध्ये, दोन्ही विज्ञानकथेचे मोठे पुरस्कार.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्या नऊ वर्षांकडे लोक 'नोकरीची वर्षं' म्हणून बघतात आणि पुढे जातात, मला ते अजिबात पटत नाही. १९९० च्या आसपासच्या त्याच्या कथा काढून बघा, 'लर्निंग टू बी मी' घ्या. प्रत्येक माणसाच्या डोक्यात लहानपणीच एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला आहे, तो मेंदूचे इनपुट आणि आउटपुट बघत बघत शिकतो, त्याचं उत्तर मेंदूपेक्षा वेगळं आलं की त्याला दुरुस्त केलं जातं, आणि तरुणपणी कधीतरी माणूस ठरवतो की आता मेंदू काढून टाकायचा आणि कारभार त्या यंत्राकडे द्यायचा. ही कथा निवेदकाला पडलेल्या एका प्रश्नावर उभी आहे की मी नक्की कोण, मेंदू की ते यंत्र, आणि शेवट वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. नव्या सिस्टिमचं आउटपुट जुन्या सिस्टिमशी ताडून बघायचं आणि जुळलं की जुनी बंद करायची, हे तुम्ही लोक कामावर करताच ना? त्याला मेडिकलची हवा लागली आणि कथा झाली. हे सगळं नोकरीतून आलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक सांगायला हवं. २००२ नंतर बरीच वर्षं त्याने लिखाण जवळपास बाजूलाच ठेवलं, ऑस्ट्रेलियात डिटेन्शन सेंटरमध्ये डांबलेल्या निर्वासितांसाठी तो काम करत होता. पुढची कादंबरी थेट २००८ ला. करिअरच्या ऐन भरात कोण करतं असं? माझ्या मनात त्याच्याबद्दल जो आदर आहे त्यातला निम्मा यासाठी आहे.

चौथा मजला

प्र.मे. काकांनी चरित्र छान सांगितलं, मी वेबसाइटचं सांगतो कारण मी तिथे बराच वेळ घालवतो.

साइट दिसायला एकदम जुनी, पण आत गेलात की बाहेर येणं कठीण. कथा-कादंबऱ्यांमागचं गणित आणि फिजिक्स पानंच्या पानं लिहून ठेवलंय, आकृत्या, समीकरणं, सगळं. आणि शेजारी चालणारे प्रोग्रॅम. आधी ती जावा ॲप्लेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम, होती, ब्राउझरनी जावाला हाकललं तेव्हा त्याने ती जावास्क्रिप्टमध्ये आणली. ज्यांनी जुना कोड असा दुसऱ्या भाषेत आणलाय त्यांना माहितीये हे किती कंटाळवाणं काम आहे, आणि यातून पैसा शून्य.

त्यातला एक प्रोग्रॅम बघाच. 'बॉर्डर गार्ड्स' नावाची कथा आहे, १९९९ ची. सुरुवातीलाच पात्रं फुटबॉल खेळतायत, पण चेंडू म्हणजे क्वांटम वेव्ह फंक्शन. चेंडू एका जागी नाहीच, तो सगळ्या मैदानभर कमीजास्त पसरलाय. खेळाडू लाथ मारत नाहीत, ते पळतात आणि त्यांच्या हालचालीने त्या लाटेचा आकार बदलतो, एका एनर्जी लेव्हलमधून दुसऱ्या लेव्हलमध्ये ढकलला जातो, आणि समोरच्या गोलच्या जागी पुरेशी संभाव्यता गोळा झाली की गोल. कथेत हे वाचताना मला वाटलेलं की लेखकाने दोन-चार भारी शब्द वापरून वेळ मारून नेलीय. मग साइटवर गेलो तर तो खेळ तिथे आहे! खरंच खेळता येतो. खेळाडू हलवला की लाट हलते, आणि चार मिनिटांत कळतं की पळून चेंडूच्या मागे जाण्यात अर्थच नाही, तालात पुढेमागे करावं लागतं. कथेतली पात्रं नेमकं तेच करतायत, तसंच्या तसं वर्णन आहे. म्हणजे खेळ आधी कॉम्प्युटरवर उभा राहतो का हे बघितल्याशिवाय तो पात्रांच्या हातात द्यायचा नाही असा त्याचा खाक्या असावा.

म्हणून टेकडीवरची यांच्या प्रश्नाला माझं उत्तर, मुरलेलं आहे. आपण नाही का, डिझाइन डॉक्युमेंट कितीही सुंदर लिहिलं तरी रन केल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, तीच सवय याने कथेला लावली.

सोलापुरी चादर

अरे कोणी सुपरपरम्युटेशनचं कसं काढलं नाही अजून? मी गणित शिकवते, वर्गात हे हमखास सांगते, आणि पोरं सुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकतात.

१, २, ३ हे तीन आकडे घ्या. त्यांचे क्रम सहा होतात. आता असा एक सलग आकडा लिहायचा की त्यात सहाच्या सहा क्रम कुठे ना कुठे सापडले पाहिजेत, आणि तो शक्य तितका छोटा हवा. उत्तर १२३१२१३२१. नऊ अंक. शोधून बघा, १२३ आहे, २३१ आहे, ३१२ आहे, मग २१३, १३२ आणि ३२१. चार आकडे घेतले तर लांबी ३३, पाच घेतले तर १५३. यात एक सुंदर पॅटर्न दिसतो, १! + २! + ३! असं फॅक्टोरियलची बेरीज करत गेलं की हेच आकडे येतात, म्हणून सगळ्यांना वाटायचं हे कायमच खरं असणार. सहासाठी ८७३ यायला हवं होतं. २०१४ मध्ये रॉबिन ह्यूस्टनने ८७२ चा शोधून दाखवला आणि पॅटर्न कोसळला.

मग खरी मजा. २०११ मध्ये फोरचॅन या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर कोणीतरी विचारलेलं की एका ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचे, १४ भाग सगळ्या शक्य क्रमांनी बघायचे तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील. हे तेच गणित. एका निनावी माणसाने उत्तर लिहिलं, निदान इतके तरी लागतीलच, अशी खालची मर्यादा सिद्धतेसकट. चौदासाठी ती येते सुमारे ९,३८८ कोटी भाग. कित्येक वर्षं ते तिथेच पडून होतं, २०१८ ला गणितवाल्यांचं लक्ष गेलं. आणि त्याच महिन्याभरात वरची मर्यादा कोणी दिली, तर ग्रेग ईगनने! म्हणजे इतक्या लांबीत तर नक्की बसवून दाखवतो, ही घ्या कृती. आरोन विल्यम्सच्या आधीच्या एका कामावर त्याने ती बांधली. सात आकड्यांना जुनी फॅक्टोरियलची बेरीज ५,९१३ होते, त्याच्या कृतीने ५,९०८ झाली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये बोग्दान कोआंडाने ५,९०७ चा शोधला आणि त्याच महिन्यात ईगनने ५,९०६ चा.

माझ्यासाठी महत्त्वाचं आहे ते यापुढचं. त्याने शोध चालवणारा प्रोग्रॅम लिहून कोड उघडा ठेवला, कोणीही आपल्या मशीनवर चालवा आणि शोधाला हातभार लावा. प्राध्यापक नाही, संस्था नाही, पीएचडी नाही. आमच्या पोरांना मी हेच सांगते की या माणसाकडे कागद, कॉम्प्युटर आणि चिकाटी एवढंच होतं.

दुपारची झोप

सगळे कौतुक करतायत तर मी दुसरी बाजू मांडतो, मनापासून मांडतोय.

मी त्याची 'ऑर्थोगोनल' त्रयी वाचायला घेतली होती. कल्पना जबरदस्त आहे, आपल्या विश्वाच्या समीकरणात एक चिन्ह बदललं तर काय होईल. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो, त्यामुळे आकाशात तारा ठिपका न दिसता रंगांची रेघ दिसते. हे वाचून अंगावर काटा आला. पण मग पात्रं शंभर-शंभर पानं एकमेकांना आकृत्या काढून फिजिक्सच समजावतात. कोणाचं काय दुखतंय, कोण कोणावर रागावलंय हे येतं पण घाईघाईत. मला असं वाटतं की प्रोग्रॅमरची सवय इथे लेखकाला नडली, सगळं जुळलंच पाहिजे, एक स्क्रू ढिला राहता कामा नये, या नादात वाचकाला श्वास घ्यायला जागा नाही. तुमच्या 'मुरलेलं आहे' या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण त्याची किंमत पण मोजली गेलीय एवढंच.

टेकडीवरची, तुम्ही लिहिता म्हणून मुद्दाम सांगतोय. सिम्युलेशन चाललं म्हणजे कथा चालली असं होत नाही.

प्र.मे.

दु.झो., मुद्दा रास्त आहे, त्या त्रयीत मी पण दोनदा अडकलो. पण त्याच माणसाच्या छोट्या कथा बघा ना. 'लर्निंग टू बी मी' मध्ये एक समीकरण नाही. लांबी कमी असली की त्याला निवड करावी लागते आणि तिथे तो माणसापाशी बरोबर थांबतो. त्रयीत मात्र ते विश्वच त्याचं नायक आहे, आणि तसं धरून वाचलं तर ती रंगते.

आणि हेही लक्षात घ्या की तो हे शास्त्रज्ञांना घाबरवायला करत नाही, शास्त्रज्ञ त्याच्याबरोबर काम करतात. गणितज्ञ डॅन ख्रिस्तेन्सेन आणि ईगन यांचा २००२ चा एक पेपर आहे, क्वांटम ग्रॅव्हिटीच्या एका मॉडेलमध्ये १०जे सिम्बॉल नावाची एक राशी काढावी लागते त्यावर. जे म्हणजे तिच्यात घातलेल्या आकड्यांचं साधारण माप. साध्या पद्धतीने ती काढायला जे च्या नवव्या घाताइतक्या पायऱ्या लागायच्या, यांनी अल्गोरिदम दिला तो पाचव्या घातात. जे दहा धरला तर काम साधारण दहा हजार पटीने कमी. गणिती भौतिकशास्त्रज्ञ जॉन बाएझबरोबर आणखी एक पेपर आहे. आणि त्याच वर्षी त्याची 'शिल्ड्स लॅडर' कादंबरी आली, जिच्यातलं भविष्यातलं फिजिक्स याच घराण्यातलं आहे. एकीकडे पेपरसाठी कोड, दुसरीकडे त्याच विषयावर वीस हजार वर्षांपुढची गोष्ट. यातलं काम कुठलं आणि छंद कुठला हे वेगळं कसं काढणार?

टेकडीवरची

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. चौथा मजला, तो फुटबॉल खेळून आले आत्ता, लाटेला तालात हलवायचं म्हणजे काय ते खरंच हातालाच कळतं.

दु.झो., तुमचं म्हणणं लागलं मनाला आणि बरं झालं. माझ्या एका कथेत रेल्वेच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर हळूहळू माणसांच्या भेटीगाठी ठरवायला लागतं असं आहे, आणि मी गेले कित्येक दिवस त्या वेळापत्रकाचा खराखुरा प्रोग्रॅमच लिहितेय, कथा तिथेच अडलीय. आता प्रश्न असा की प्रोग्रॅम पूर्ण करू की सोडून देऊ? आणि नोकरीचं कोणी अजून बोललं नाही. प्र.मे. काका म्हणतात नऊ वर्षं, पण सगळ्यांचंच असं असतं का?

कडूलिंब

नोकरीवर मी बोलतो, कारण सोडायचा विचार मी पण गांभीर्याने केलाय.

अँडी वीअरचं उदाहरण बघा, ते अगदी उलट्या वाटेने गेलंय. हा कॅलिफोर्नियाचा, पंधराव्या वर्षापासून सँडिया लॅबमध्ये प्रोग्रॅमिंग, मग ब्लिझार्डमध्ये गेमचं काम, मग एओएल ही इंटरनेट कंपनी. १९९९ ला एओएलमधून नोकरी गेली, हातात शेअरचे पैसे होते, म्हणून त्याने पूर्ण तीन वर्षं फक्त लिहायचं ठरवलं. लिहिलं, आणि एजंट मिळाला नाही. परत नोकरी धरली. 'द मार्शियन', मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट, त्याने लिहिली ती नोकरी करत करत, २००९ पासून स्वतःच्या साइटवर एकेक प्रकरण टाकत, आणि वाचणाऱ्यांत केमिस्ट्री-फिजिक्सवाले होते ते चुका काढून द्यायचे, हा दुरुस्त करायचा. किंडलवर टाकली २०११ ला ९९ सेंटला, कारण त्याहून कमी किंमत ठेवता येत नव्हती. छापील पुस्तक २०१४, सिनेमा २०१५.

म्हणजे मोकळ्या तीन वर्षांत जे झालं नाही ते नोकरीच्या वर्षांत झालं. यावरून नियम काढू नका, पण 'नोकरी सोडली की लिहिणं होईल' हे तरी सिद्ध होत नाही. विज्ञानकथालेखक लिऊ त्सीशिन पण चीनमध्ये एका वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनिअर होता आणि तिथे राहूनच लिहीत होता.

तुमच्या प्रोग्रॅमबद्दल. वीअरने कथेतल्या यानाचा मार्ग काढायला स्वतः सॉफ्टवेअर लिहिलं होतं, कारण त्या यानाचं इंजिन सतत हळूहळू ढकलत राहतं, नेहमीची सोपी सूत्रं चालत नाहीत. त्या हिशोबातून त्याला यान कुठल्या दिवशी कुठे आहे ते मिळालं आणि कथेतल्या तारखा त्यावर बसल्या. पण पुस्तकात त्यातलं किती दिसतं? जवळजवळ काहीच नाही, वाचकाला फक्त दिवस कमी पडतायत एवढं जाणवतं. आणि ज्या वादळाने गोष्ट सुरू होते ते वादळ मंगळावर शक्यच नाही, तिथली हवा पृथ्वीच्या साधारण एक टक्का दाट, ती माणसाला उडवू शकत नाही. हे वीअरला माहीत होतं, त्याने स्वतः सांगितलंय. तरी ठेवलं, कारण निसर्गानेच पहिला घाव घालावा असं त्याला हवं होतं. ईगनने हे कधीच केलं नसतं, त्याने दुसरं काहीतरी शोधलं असतं. दोघेही प्रोग्रॅमरच, पण हिशोब कुठे सोडायचा हे दोघांनी वेगवेगळं ठरवलं.

आपल्याकडे नारळीकर सर बघा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि पहिलं बक्षीस मिळालं. ते प्रोग्रॅमर नव्हेत पण विषय रोजच्या कामातलाच, आणि काम शेवटपर्यंत चालू. दोन्हीपैकी एक धर असं सांगणाऱ्यांना हे नाव सांगा.

चौथा मजला

कडूलिंब +१. टेकडीवरची, प्रोग्रॅम सोडू नका पण पूर्णही करू नका. माझं मत, एकच स्टेशन आणि दोनच गाड्या घ्या, उशीर झाला की कनेक्शन कसं हुकतं ते नुसतं प्रिंट करा. शंभरेक ओळींचा कोड होईल. त्यात एखादी अनपेक्षित गोष्ट दिसली, म्हणजे दोन माणसं वारंवार एकाच बाकावर अडकतायत असं काही, तर तीच कथा.

टेकडीवरची

दौंड घेते मग. तिथे काही गाड्या दिशा बदलतात, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्यात वेळ जातो, आणि त्या वेळात लोक खाली उतरतात. मालगाड्या उडवल्या, पुणे-सोलापूर आणि मनमाडकडची एकेक गाडी ठेवली. शनिवारी चालवून बघते आणि जे येईल ते इथे टाकते, आकडे आणि कथेचं पहिलं पान दोन्ही. दु.झो., पहिलं पान तुम्ही आधी वाचा, कंटाळा आला तर जिथे आला ती ओळ सांगा.

दुपारची झोप

नक्की. पाठवा.